‘रोड’ नावाची स्टेशने

कळंब रोड, औसा रोड, जत रोड. रेल्वेच्या वेळापत्रकातली ही नावे वाचून नवखा प्रवासी हमखास फसतो. कळंब रोडला उतरलेल्या माणसाला कळंब दिसत नाही. गाव तिथे नाहीच. तिथे आहे तो गावाकडे जाणारा रस्ता. रेल्वे आपल्याला एवढेच सांगते की, ‘आमचे काम इथे संपले, पुढचे तुम्ही पाहा.’ आज मोठे जंक्शन असलेली कुर्डुवाडीसुद्धा एके काळी ‘बार्शी रोड’ म्हणूनच ओळखली जाई.

शाळेत इतिहास-भूगोल शिकवताना या नावांकडे माझे लक्ष गेले. रूळ एका दिशेने धावतात. ‘रोड’ नावाचे स्टेशन त्या रुळांना आडवा जाणारा रस्ता जन्माला घालते. रुळांच्या कडेने जाणारी गाडीवाट आणि आत गावाकडे जाणारी वाट स्टेशनापाशी भेटतात. तिथे आधी चहाचे दुकान लागते, मग अडत दुकान, मग मुसाफिरखाना. पुढे रूळ उखडले जातात, पण दोन वाटांची ती भेट तशीच राहते. आज आपण तिला चौक म्हणतो किंवा फाटा म्हणतो. सोलापूर, उस्मानाबाद, लातूर या पट्ट्यातले कितीतरी चौक असे बार्शी लाइट रेल्वेने घडवलेले आहेत.

या रेल्वेची गोष्ट कापसापासून सुरू होते. १८६० च्या सुमारास ‘ग्रेट इंडियन पेनिन्सुला’ रेल्वे मुंबईहून सोलापूरला पोचली, पण बार्शीची मोठी बाजारपेठ लोहमार्गापासून २१ मैल दूर राहिली. बालाघाटातला कापूस आणि धान्य बैलगाड्यांनी बार्शीला येई आणि तिथून पुन्हा बैलगाड्यांनीच बार्शी रोड स्टेशनावर जाई. पावसाळ्यात काळ्या मातीत गाड्या रुतत. एव्हरार्ड कॅलथ्रॉप नावाच्या इंग्रज अभियंत्याने हे पाहिले. तो आधी याच ‘ग्रेट इंडियन’ रेल्वेत नोकरीला होता. १८९५ साली लंडनमध्ये बार्शी लाइट रेल्वे कंपनी स्थापन झाली आणि १८९७ साली कुर्डुवाडी ते बार्शी गाडी सुरू झाली.

रुळांमधले अंतर होते अवघे अडीच फूट. कॅलथ्रॉपचा हिशेब साधा होता. रूळ हलका घ्यायचा, यार्डाला ३० पौंडांचा, आणि इंजिन असो की डबा, कोणत्याही आसावर पाच टनांहून जास्त भार येऊ द्यायचा नाही. मग पूलही हलके चालतात आणि खर्च आवाक्यात राहतो. हा हिशेब बरोबर ठरला. गाडी १९०६ मध्ये पंढरपूरला, १९११ मध्ये लातूरला आणि १९२७ मध्ये मिरजेला पोचली. एकूण लांबी २०२ मैल झाली. वारकऱ्यांपासून सरकीच्या पोत्यांपर्यंत सारे याच गाडीने फिरू लागले.

मात्र रूळ अरुंद असल्याने कुर्डुवाडीला प्रत्येक पोते एका गाडीतून उतरवून दुसरीत चढवावे लागे. व्यापाऱ्याच्या दृष्टीने हा तोटा, पण हमालाच्या दृष्टीने हीच रोजी. जिथे माल थांबतो, तिथे माणूस वसतो. कुर्डुवाडी वाढली त्याचे एक मोठे कारण हे थांबणे होते.

थांबण्याचे दुसरे ठिकाण होते सरहद्द. बार्शी तालुका इंग्रजी अमलात होता. पांगरीच्या पुढे घाट चढला की येडशी लागे आणि निजामाची हद्द सुरू होई. इकडे कलदार रुपया, तिकडे हाली सिक्का. इकडच्या कचेरीत मराठी आणि इंग्रजी, तिकडच्या दफ्तरात उर्दू. हद्दीवर मालाची जकात घेणारे निजामाचे खाते ‘करोडगिरी’ नावाने ओळखले जाई. म्हणजे एकाच छोट्या गाडीत बसून माणूस एका राज्यातून दुसऱ्या राज्यात, एका नाण्यातून दुसऱ्या नाण्यात आणि एका लिपीतून दुसऱ्या लिपीत जात होता.

सप्टेंबर १९४८ मध्ये हैदराबाद संस्थान भारतात विलीन झाले आणि ही सरहद्द पुसली गेली. ती सहज पुसली गेली नाही. आधी रझाकारांच्या जुलमाने माणसे घरदार सोडून हद्दीपलीकडे गेली; पोलीस ॲक्शननंतर दुसऱ्या बाजूची माणसे देशोधडीला लागली. पंडित सुंदरलाल समितीने ज्या चार जिल्ह्यांत सर्वांत जास्त हानी नोंदवली, त्यांत उस्मानाबाद होता. या दोन्ही दुःखांची आठवण एकत्र ठेवल्याशिवाय या वाटांचा इतिहास पुरा होत नाही.

येडशीचेच उदाहरण पाहा. जिल्ह्याचे ठाणे उस्मानाबाद, ज्याचे नाव २०२३ पासून सरकारदरबारी धाराशिव झाले आहे, ते या रेल्वेवर नव्हतेच. जिल्ह्याच्या गावाला जायचे तर सुमारे २० किलोमीटर अलीकडे येडशीला उतरायचे आणि पुढे सडकेने जायचे. कोर्टाची तारीख असलेला शेतकरी, बदली झालेला मास्तर, माहेरी निघालेली लेक, सर्वांची वाट येडशीवरून. जवळजवळ शतकभर एक लहान खेडे जिल्ह्याचा दरवाजा होऊन राहिले. आज त्याच येडशीत सोलापूर–धुळे महामार्गाला बार्शी–लातूर रस्ता छेदतो. चौपदरीकरणाच्या कामाचे टप्पेसुद्धा ‘सोलापूर ते येडशी’ आणि ‘येडशी ते औरंगाबाद’ असे पाडले गेले. ट्रकवाल्याला हा नुसता चौक वाटतो. बार्शी–लातूर रस्ता जुन्या गाडीचीच गावे, पांगरी, येडशी, ढोकी, मुरूड, एकामागून एक का घेत जातो, हा प्रश्न त्याला पडत नाही.

रेल्वेला उतरती कळा लागली ती सडकेमुळेच. गंमत अशी की, निजाम राज्यात सरकारी बससेवा सुरू केली ती रेल्वे खात्यानेच, १९३२ साली, २७ बसगाड्यांनिशी. मुंबई राज्यात १ जून १९४८ रोजी एसटी धावू लागली. बस गावाच्या वेशीपर्यंत जाई. ‘रोड’ स्टेशनावर उतरून पुन्हा बैलगाडी शोधण्याची गरज उरली नाही. १९५४ मध्ये सरकारने कंपनीकडून ही रेल्वे विकत घेतली. गाडी पुढेही अर्धशतक चालली, पण मालाने केव्हाच सडक धरली होती.

मग ब्रॉडगेज आले. लातूर–उस्मानाबाद टप्पा २००७ मध्ये आणि उस्मानाबाद–कुर्डुवाडी टप्पा २००८ मध्ये सुरू झाला. येडशीच्या पुढे मार्ग वळवून उस्मानाबादजवळून नेला, म्हणून जुन्या मार्गाचा काही पट्टा कायमचा सुटला. जिल्ह्याच्या गावाला रेल्वे मिळाली, ही न्यायाचीच गोष्ट झाली. एप्रिल २०१६ च्या दुष्काळात मिरजेहून लातूरला पाण्याची रेल्वे गेली, ती पंढरपूर, कुर्डुवाडी, बार्शी अशीच गेली. पहिल्या खेपेला दहा वाघिणी आणि पाच लाख लिटर पाणी. मार्ग तोच, कॅलथ्रॉपने सुरुवात करून दिलेला. रूळ अरुंद असते तर वाटेत कुर्डुवाडीला ते पाणी कोणी आणि कसे उतरवून घेतले असते? तेव्हा जुन्या गाडीसाठी गळा काढण्यात अर्थ नाही.

पण गाडी गेली म्हणून तिची नोंदही जाऊ द्यायची का? इंजिनाचा इतिहास इंग्रजीत लिहिला गेला आहे. कोणत्या कारखान्यात कोणते चाक घडले तेही त्यात सापडते. पोते वाहणाऱ्या हमालाचा, टांगेवाल्याचा, स्टेशनाबाहेर मुसाफिरांना जेऊ घालणाऱ्या बाईचा इतिहास कोणत्याच भाषेत लिहिलेला नाही. त्यांपैकी शेवटची माणसे आज म्हातारी आहेत.

आणखी एक. निजामकाळातली जमिनीची, जकातीची, शाळांची कागदपत्रे मोठ्या प्रमाणात उर्दूत आहेत. २०२३ मध्ये मराठवाड्यात जुन्या नोंदींचा शोध सुरू झाला, तेव्हा उर्दू आणि मोडी वाचणारी माणसे सरकारला हुडकावी लागली. आपल्या उर्दू शाळांतल्या मुलांना ती लिपी येते आणि मराठी तर त्यांच्या अंगणातली भाषा आहे. ‘उर्दू शिकून काय करणार?’ असे त्यांना नेहमी विचारले जाते. त्यांना म्हणावे, आपल्या गावचा फाटा कसा पडला ते शोधून काढा. घरातल्या जुन्या पेटीत एखादी सनद असेल, जकातीची पावती असेल. ती वाचा आणि मराठीत लिहून ठेवा. शेजारच्या मराठी शाळेतल्या मुलांना सोबत घ्या. त्यांच्या आजोबांपाशी कागद असेल, पण तो वाचणारे घरात कोणी नसेल. एका तालुक्यातल्या दोन शाळांनी एवढे जरी केले, तरी चार-दोन चौकांचा इतिहास पुढच्या पिढीच्या हाती लागेल.