मिरचीला आडनाव विचारलं नाही



गेल्या वर्षी मी भाड्याची खोली शोधत होतो. गिरणीपासून चालत जाता येईल एवढ्या अंतरावर एक खोली रिकामी होती. घरमालक सज्जन दिसला. बसा म्हणाला, आत चहा सांगितला. भाडं ठरलं, अनामत ठरली. मग त्यानं आडनाव विचारलं. मी सांगितलं. चहा आलाच नाही. "आमच्याकडं जरा सोवळं-ओवळं असतंय. पिढ्यान्‌पिढ्या चालत आलंय. तुम्ही मनाला लावून घेऊ नका," असं तो म्हणाला.

मी मनाला लावून घेतलं. चपला घातल्या आणि मान वर केली तर दाराच्या चौकटीला ताजं लिंबू आणि सात हिरव्या मिरच्या टांगलेल्या. शनिवार होता.

त्या सात मिरच्या डोक्यातून जाईनात. ज्या दारातून मला परत फिरवलं, त्या दारावर ही मानानं लटकते ती कोण? कुठल्या गावची? हिला आडनाव विचारलं होतं का? रातपाळी सुटली की वाचनालयात जाऊन बसायचं, असं करत मी मिरचीचा माग काढला. मी इतिहासाचा पदवीधर नाही. पण इतिहास लिहायचा परवाना कुणाच्या बापाच्या सहीनं मिळत नसतो, हे आपल्याला बाबासाहेबांनी शिकवलंय.

१

मिरची या देशातली नाही. तिचं माहेर अमेरिका खंड. मेक्सिकोतल्या तेवाकान खोऱ्यातल्या गुहांत मिरचीचे हजारो वर्षांपूर्वीचे अवशेष सापडलेत. तिथल्या मूळ रहिवाशांनी सहाएक हजार वर्षांपूर्वी रानमिरची माणसाळवली. रानमिरची म्हणजे बोराच्या आठोळीएवढी, आभाळाकडं तोंड करून वाढणारी, पिकली की झाडावरून गळणारी. पिढ्यामागून पिढ्या कुणीतरी मोठी फळं निवडली, न गळणारी निवडली, त्यांचं बी राखलं. तेव्हा आजची मिरची झाली. हे संशोधन करणाऱ्यांची नावं कुठल्याच पुस्तकात नाहीत. कष्टकऱ्यांच्या अकलेवर सही नसते.

१४९२ साली कोलंबस तिकडं पोचला. तो निघाला होता हिंदुस्थानच्या सोन्याच्या आणि काळ्या मिरीच्या शोधात. त्याला वाटलं हिंदुस्थान सापडला, म्हणून तिथल्या माणसांना त्यानं इंडियन म्हटलं. तिखट फळ चाखलं आणि त्याला मिरी म्हटलं. दोन्ही नावं चूक. पण पाचशे वर्षं तीच चालली. पुढं १७७६ साली युरोपातल्या एका वनस्पतिशास्त्रज्ञानं मिरचीच्या एका जातीला 'चिनेन्स', म्हणजे चीनची, असं नाव ठेवलं. ती चीनची नव्हतीच. तरी शास्त्राच्या पुस्तकात आजही तेच नाव आहे. ज्याच्या हातात लेखणी तो नाव ठेवणार, आणि ज्याला नाव ठेवलं त्यानं ते मुकाट वागवायचं. हे आपल्याला नवीन नाही. आपल्यालाही दुसऱ्यांनीच नावं ठेवली होती. आपण ती फेकली, हा फरक.

आणि ज्यांनी मिरची घडवली त्यांचं काय झालं? स्पेनच्या तलवारीनं, गुलामीनं आणि गोऱ्यांनी आणलेल्या देवीच्या साथीनं त्यांची गावंच्या गावं उठली. मिरची जगभर पोचली, मिरचीवाले मातीत गेले. ठेचा खाताना हे आठवलं पाहिजे.

२

वास्को द गामा १४९८ साली कालिकतला आला. पोर्तुगीजांनी १५१० साली गोवा घेतलं. ब्राझीलही त्यांच्याच ताब्यात होतं. त्यांच्या गलबतांतून सोळाव्या शतकात मिरची आपल्या किनाऱ्यावर उतरली. ती इतकी झपाट्यानं रुजली की १५४२ साली फुक्स नावाच्या जर्मन वैद्यानं आपल्या वनस्पतींच्या ग्रंथात मिरचीचं चित्र छापलं आणि तिला कालिकतची मिरी म्हटलं. म्हणजे पन्नास वर्षांत परकी बाई इथली होऊन गेली. मराठीनंही तिला मिरीवरूनच नाव दिलं, मिरची. तरी मोठ्यांच्या मुदपाकखान्यात ती उशिरा गेली. १५९०च्या सुमाराच्या 'ऐन-ए-अकबरी'त बादशाही पदार्थांची कृती दिलीय, त्यात काळी मिरी आहे, मिरची नाही.

मग तिला पहिल्यांदा उचललं कुणी? याचं उत्तर झाडातच आहे. काळ्या मिरीचा वेल मलबारच्या पावसात, दुसऱ्या झाडाच्या सावलीत वाढतो. फळ धरायला तीनचार वर्षं लागतात. तो सगळीकडं येत नाही, म्हणून त्याच्यावर व्यापाऱ्यांनी आणि राजांनी कुलूप घातलं. अरब, व्हेनिसवाले, पोर्तुगीज, डच त्याच्यासाठी एकमेकांचे गळे कापत राहिले. मिरचीला कुलूप घालता येत नाही. एका फळात बियाच बिया. रोप लावल्यावर दोन-अडीच महिन्यांत फळ. फुटका माठ असो नाहीतर उकिरड्याची कड, ती येते. मिरी तिजोरीतली, मिरची परड्यातली. ज्याला मिरी विकत घेणं जन्मात शक्य नव्हतं त्याच्या जिभेला पहिल्यांदा चव मिळाली ती मिरचीनं.

३

आता सोवळ्याकडं येऊ.

वेदात मिरची नाही. मनुस्मृतीत मिरची नाही. मनूनं लसूण आणि कांदा द्विजांच्या ताटातून हाकलला. मिरची त्याच्या बापजाद्यांनी पाहिलीच नव्हती म्हणून ती सुटली. आपला ठेचा म्हणजे मनूनं बंदी घातलेला लसूण आणि मनूला ठाऊक नसलेली मिरची. असा विद्रोही पदार्थ दुसरा नाही.

पण खरी गंमत उपवासाच्या ताटात आहे. साबुदाण्याची खिचडी बघा. आपल्याकडचा साबुदाणा ज्या कंदापासून होतो, तमिळनाडूतल्या सेलम भागात ज्याचे कारखाने आहेत, तो कंद दक्षिण अमेरिकेतला. शेंगदाणा दक्षिण अमेरिकेतला. बटाटा तिथलाच. हिरवी मिरची अमेरिकेतली. तूप, जिरं आणि मीठ सोडलं तर अख्खी खिचडी म्लेंच्छांच्या गलबतातून उतरलेली. ज्यांना समुद्र ओलांडला तर प्रायश्चित्त घ्यावं लागत होतं, त्यांनी समुद्र ओलांडून आलेलं पीक एकादशीला पवित्र म्हणून खाल्लं. शेंगदाण्याला, बटाट्याला, मिरचीला कुणी आडनाव विचारलं नाही. आणि याच मातीत हजारो वर्षं राबलेल्या माणसाची सावली मात्र बाटवणारी! सोवळं हे अन्नाचं नसतं. ते माणसाला दाराबाहेर ठेवायचं कारण असतं. कारणाला इतिहास लागत नाही. म्हणून इतिहास आपण सांगायचा.

४

माझी आजी माणदेशातली. तिच्या लहानपणी तिच्या आईला येसकर पाळी होती. दिवसभर गावकी करायची आणि तिन्हीसांजेला घरोघर टोपली घेऊन भाकर मागायची. शिळी, वाळलेली, कधी बुरशी धरलेली. आजीला मी विचारलं, त्या भाकरीबरोबर काय खात होता? ती म्हणाली, "मिरची आन्‌ मीठ. दुसरं काय आसनार? आरं पर एक ध्यानात ठेव. भाकर मागून आणल्याली आसायची, मिरची आपली व्हती. ती कुनाच्या दारात मागितली न्हाई."

हे वाक्य मी वहीत लिहून ठेवलंय. ताटात एकच गोष्ट स्वतःची.

ती कशी पिकवायची तेही तिनं सांगितलं. महारवाड्यात घराला घर लागलेलं, परडं म्हणजे हातभर जागा. वतनाची हाडोळा जमीन भावकीत वाटून वाटून रुमालाएवढी झालेली. शिवाय पाणी कुठलं? गावाची विहीर बंद. वरून कुणी ओतलं तर घागर भरायची. त्यातलं आधी पिण्याला, मग भांड्याला. भांडी घासलेलं आणि अंघोळीचं मोरीचं पाणी जिथं जिरायचं तिथं मिरचीचं झाड. २० मार्च १९२७ला महाडच्या चवदार तळ्यावर बाबासाहेब ओंजळीनं पाणी प्याले, ते पाणी किती महाग होतं हे मला त्या मोरीच्या झाडावरून कळलं. आपलं झाडसुद्धा उष्ट्या पाण्यावर जगत होतं.

आदल्या वर्षीची वाळलेली चांगली मिरची फोडून बी राखेत घोळवून ठेवायचं. मृगाच्या आधी फुटक्या गाडग्यात टाकायचं. महिना-सव्वा महिन्यानं रोप वीतभर झालं की मोरीजवळ लावायचं. पानं चुरगळली, बोकड्या पडला, की ते झाड उपटून लांब टाकायचं. आजी राख फुंकायची. आज आपल्याला माहीत आहे की हा बहुतेक वेळा विषाणूचा रोग असतो आणि पांढरी माशी तो पसरवते. राखेनं तो बरा होत नाही, पण रोगट झाड उपटायचं हे तिचं शास्त्र बरोबर होतं. पाण्याचा ताण पडला की मिरची बहुधा जास्त तिखट होते, हेही तिला ठाऊक होतं. कमी पाणी मिळालेल्यांची जीभ तिखट का असते, याचं वेगळं उत्तर नको.

या मिरचीनं आपल्या माणसांना नुसती चव दिली नाही. ओल्या मिरचीत क जीवनसत्त्व भरपूर असतं. हंगेरीच्या सेंट-ग्योर्गी या शास्त्रज्ञानं १९३०च्या दशकात ते मिरचीच्याच एका जातीतून मोठ्या प्रमाणात काढलं आणि १९३७ साली त्याला नोबेल मिळालं. भाजीपाला ज्यांच्या दाराशी येत नव्हता त्यांना हे जीवनसत्त्व थोडंफार मिरचीनं पुरवलं. १९७२च्या दुष्काळात आजी खडी फोडायला जायची. अमेरिकेतून आलेल्या लाल मिलोची भाकरी आणि मिरची. "मिलू घशाखाली उतरत न्हवता. मिरचीनं उतरवला," असं ती म्हणते.

१९५६ला बाबासाहेबांनी धम्म दिला. गावोगावी आपल्या लोकांनी येसकरी टाकली. आजी तेव्हा पाच-सहा वर्षांची. तिच्या आईनं भाकर मागायची टोपली चुलीत घातली, हे तिला आठवतं. बाबासाहेबांनी १९२८ साली मुंबईच्या कायदेमंडळात ज्या वतनाविरुद्ध विधेयक आणलं होतं, ती हलकी वतनं १९५८च्या कायद्यानं गेली. टोपली गेली, वतन गेलं. मिरचीचं झाड राहिलं. कारण ते गुलामीचं नव्हतं.

५

मिरची आपलीच आहे म्हणून तिच्या नावानं चाललेल्या फसवणुकीवर गप्प बसायचं नाही. मेक्सिकोच्या ॲझ्टेक लोकांचं एक जुनं चित्रमय हस्तलिखित आहे, १५४१च्या सुमाराचं. त्यात बाप अकरा वर्षांच्या पोराला शिक्षा म्हणून मिरचीच्या धुरावर धरतो, असं चित्र आहे. आपल्याकडं तोच धूर भूत काढायला देतात. बहुतेक वेळा बाईला. पोरगी बेशुद्ध पडली की म्हणायचं, भूत गेलं. दाभोलकरांचा २० ऑगस्ट २०१३ला खून झाला, त्यानंतर त्याच वर्षी जादूटोणाविरोधी कायदा आला. त्यात मिरचीची धुरी देणं हा गुन्हा म्हणून लिहिलेला आहे. आपल्या वस्तीत असं घडलं तर पोलिसात जा. देवऋषी आपल्याच भावकीतला असला तरी जा.

धुरानं भूत जात नाही. मिरचीतलं तिखट द्रव्य, कॅप्सेसिन, आपल्या मज्जातंतूंच्या ज्या कुलपात किल्लीसारखं बसतं ते १९९७ साली सापडलं. तेच कुलूप चटका बसल्यावरही उघडतं. म्हणून खरं भाजलेलं नसताना मेंदूला आगीची वर्दी जाते. ते शोधणाऱ्या डेव्हिड ज्युलियसला २०२१चं नोबेल मिळालं. पाखरांना हे तिखट लागत नाही. पोपट खुशाल मिरची खातो आणि बी लांब नेऊन टाकतो. यात भूत कुठंच बसत नाही.

दृष्ट काढताना ओवाळतात त्या मिरच्याही मीठमोहऱ्यांसारख्या जुन्या नाहीत. दारावरच्या लिंबू-मिरचीला सनातन म्हणणाऱ्याला एवढंच सांगा, पाचशे वर्षांमागं तुमच्या चौकटीला टांगायला या देशात मिरचीच नव्हती.

६

आजही मिरचीची आग कुणाच्या हाताला लागते ते बघा. नंदुरबारच्या मिरची पथाऱ्यांवर उन्हात लाल मिरची पसरलेली असते आणि आदिवासी बाया देठं खुडत बसलेल्या असतात. बोटांची, डोळ्यांची आग होते. कॅप्सेसिन नुसत्या पाण्यानं निघत नाही, तेल चोळून साबणानं धुवावं लागतं. मजुरी मिळते, तेल कोण देतो? मिरचीच्या इतिहासात हे पान अजून कोरं आहे. शाहू पाटोळे यांनी 'अन्न हे अपूर्णब्रह्म' लिहून २०१५ साली मराठवाड्यातल्या महार-मांगांचं ताट कागदावर आणलं. तसं प्रत्येक तालुक्यातलं आलं पाहिजे. त्यासाठी वही घेऊन आपापल्या आजीपुढं बसा. ती आहे तोवर बसा. काय खात होता, पाणी कुठून आणत होता, भाकर कुणी दिली, मिरची कुठं लावली, हे विचारा. पहिल्यांदा ती लाजेल. म्हणेल, त्यात काय सांगायचं. तिथंच आपला इतिहास दडलेला असतो.

मला शेवटी आपल्याच वस्तीत खोली मिळाली. दारात तेलाच्या डब्यात आजीनं दिलेल्या बियांची तीन झाडं आहेत. एकाला बोकड्या पडला, उपटून टाकलं. दोन धरली. रातपाळीच्या डब्यात तिचाच ठेचा असतो आणि खात्यातले सगळ्या आडनावांचे गडी बोट घालून चाखतात, हाऽ हूऽ करतात, पुन्हा मागतात. त्या घरमालकाच्या दारावरच्या सात मिरच्या दर शनिवारी बदलत असतील. त्याला कधी तरी सांगणार आहे, की बाबा, तुझ्या दारावर जी आहे ती माझ्याहून लांबून आलीय. तिला आत घेतलंस. मी तर इथलाच आहे.

जयभीम.