कीटकवर्तन, अक्षांश व हवामानानुसार

कीटकांच्या शरीराचे तापमान हवेबरोबर वरखाली होत असल्याने उडणे, खाणे, मीलन, अंडी घालणे व स्थलांतर या त्यांच्या सर्व क्रियांवर स्थानिक हवामानाची पकड असते. एकाच जातीच्या वागण्यात प्रदेशपरत्वे पडणारा फरक हा या नोंदीचा विषय होय. समशीतोष्ण प्रदेशात थंडीची सर्वांत भरवशाची वर्दी दिवसाच्या लांबीवरून मिळते. दिवस आखडू लागले की अनेक जाती वाढ थांबवून विरामावस्थेत जातात. विषुववृत्ताकडे दिवसमानातील हा फरक कमी होतो आणि तेच काम पाऊस करतो. दिल्लीत (सु. २८°.६ उ.) वर्षातील सर्वांत मोठा दिवस जवळजवळ १४ तासांचा व सर्वांत लहान सव्वादहा तासांहून थोडा अधिक असतो, मुंबईत (सु. १९° उ.) हेच आकडे साधारण सव्वातेरा व अकरा असे आहेत. भारतात मात्र अक्षांशापेक्षा हवेतील ओलावा आणि माणसांची पाणी साठवण्याची रीत अधिक निर्णायक ठरते. डासांबाबत हे विशेष स्पष्ट दिसते.

डास : डेंग्यूचा वाहक एडिस इजिप्ती हा डास खऱ्या अर्थाने विरामावस्थेत जात नाही. त्याच्या जवळचा एडिस अल्बोपिक्टस याच्या उत्तरेकडील वाणाच्या माद्या दिवस लहान होताच थंडी काढणारी अंडी घालतात. उष्ण कटिबंधातील वाणात हा गुण नसतो. १९८५ मध्ये अमेरिकेतील ह्यूस्टन येथे आढळलेला हा डास पुढे उत्तरेकडे पसरला, तेव्हा कोणत्या दिवसमानाला अशी अंडी घालायची याची मर्यादा दोनेक दशकांतच अक्षांशानुसार बदलली.

दिल्लीतील एडिस इजिप्तीपुढे वर्षातून दोन अडचणी येतात. जानेवारीत किमान तापमान सरासरी ७°–८° से.पर्यंत उतरते व डासाची हालचाल जवळजवळ थांबते. मे-जूनमध्ये कमाल तापमान ४०° से.च्या आसपास जाते आणि कोरड्या हवेत प्रौढ डास फार जगत नाही. पहिली अडचण तो मुख्यतः अंड्यांच्या रूपाने काढतो. घरात व बंदिस्त टाक्यांच्या आडोशाने काही प्रौढ डासही तग धरतात असे मानले जाते. त्यांचा वाटा किती, यावर एकमत नाही. दुसऱ्या अडचणीत माणूसच त्याच्या मदतीला येतो, तो कूलर लावून.

सरोजिनी नगर (पूर्वीचे विनय नगर) ही दक्षिण दिल्लीतील सरकारी कर्मचाऱ्यांची वसाहत या दृष्टीने नमुनेदार म्हणता येईल. बुटक्या इमारती, गच्चीवर टाक्या, खिडकीला टेकवलेले पत्र्याचे कूलर, शेजारी ताडपत्र्यांखाली भरणारा बाजार आणि पुनर्विकास सुरू झाल्यापासून बांधकामाचे खड्डे, असे सर्व प्रकारचे साठे येथे एकत्र सापडतात. कूलरच्या ओल्या ताट्यांमुळे बाहेर लू वाहत असतानाही खोलीत डासाला मानवेल असा गारवा राहतो. मादी अंडी पाण्यात सोडत नाही. पाण्याच्या पातळीच्या किंचित वर, टाकीच्या ओलसर भिंतीला एकेक करून चिकटवते. अंडे जेमतेम मिलिमीटरभर लांब व काळे असून गंजाच्या डागांत सहसा ओळखू येत नाही. ऑक्टोबरात कूलर आटवून ठेवून दिला, तरी ही अंडी महिनोन्‌महिने कोरडी टिकतात आणि उन्हाळ्यात पाणी भरताच फुटतात. पावसाळ्यात अंड्यापासून डास होण्यास आठदहा दिवस पुरतात. म्हणून कूलर आठवड्यातून एकदा रिकामा करून आतून घासून कोरडा करावा लागतो. पाणी ओतून दिले की काम झाले हा सार्वत्रिक समज चुकीचा आहे.

डेंग्यूचे वेळापत्रकही हवामानावरूनच ठरते. विषाणू डासाच्या शरीरात वाढून संसर्गक्षम होण्यास ३०° से.ला सुमारे १२ दिवस, तर ३२°–३५° से.ला सुमारे ७ दिवस लागतात. दिल्लीत रुग्ण जुलै-ऑगस्टपासून वाढतात, सप्टेंबर-ऑक्टोबरात कळस होतो व थंडी पडताच साथ ओसरते. १९९६ च्या साथीत १०,२५२ रुग्ण व ४२३ मृत्यू नोंदले गेले. २०१५ मध्ये रुग्णसंख्या १५,००० च्या वर गेली, पण मृत्यू पुष्कळ कमी होते.

मुंबईच्या दमट हवेत असला कूलर निरुपयोगी असल्याने तेथे पिंप, टायर व छपरावरची ताडपत्री हीच अंडी घालण्याची मुख्य ठिकाणे होत. नागपूर अक्षांशाने मुंबईला जवळ, तरी कोरडा उन्हाळा व घरोघरचे कूलर यांमुळे तेथील डासांचे वागणे दिल्लीशी अधिक जुळते. शहरी हिवतापाचा वाहक ॲनॉफेलीस स्टीफेन्साय (लिस्टन, १९०१) हाही असाच साठवलेल्या पाण्याचा डास. मुंबईतील हिवतापाची चौकशी करणाऱ्या बेंटली यांच्या १९११ च्या अहवालाने मुंबईतील घरगुती विहिरींवर बोट ठेवले होते.

मधमाश्या : हिमालयातील सातेरी माशी सह्याद्रीतील सातेरीपेक्षा आकाराने मोठी असते. आग्या माशी फुलोऱ्यामागे डोंगर व मैदान यांदरम्यान मोहोळ हलवते.

बोंडअळी : गुलाबी बोंडअळीची हिवाळ्यातील पिढी उत्तर भारतात सरकीचे दोन दाणे जोडून त्यांत सुप्त राहते. जेथे कापूस वर्षभर शेतात असतो अशा दक्षिणेकडील भागात ही सुप्तावस्था क्वचित दिसते. विदर्भात फरदड (हंगाम संपल्यावरही कापसाचे पीक न काढता लांबवणे) घेण्याच्या प्रथेमुळे अळीला हिवाळ्यातही खाद्य मिळत राहते. २०१७ च्या उद्रेकानंतर फरदड टाळण्याचा आग्रह धरला गेला. फरदडीसाठी पाण्याची सोय असणाऱ्या शेतकऱ्याला तो सहज पटत नाही.

टोळ : वाळवंटी टोळांची वसंतातील पैदास इराण-बलुचिस्तानातील हिवाळी पावसावर व उन्हाळी पैदास थरमधील मोसमी पावसावर होते. त्यांवर नजर ठेवणारी टोळ पूर्वसूचना संघटना १९३९ मध्ये स्थापन झाली. मे २०२० मध्ये टोळधाडी विदर्भात शिरल्या. २७ जून रोजी एक थवा गुरुग्रामवरून दिल्लीच्या सीमेपर्यंत आला.

वाळवी : पंखधारी वाळवी पहिल्या पावसानंतर उडते, म्हणून कोकणात दिल्लीच्या आधी.

फुलपाखरे : अनेक जातींत पावसाळी व कोरड्या ऋतूतील रूपे वेगळी असतात.