पाहुणा होऊन पाहिलेलं जग

सहलीला जाणं वेगळं आणि पाहुणा म्हणून जाणं वेगळं. सहलीत आपण इमारती पाहतो, पाहुणे झालो की माणसं पाहतो. विसाव्या शतकात सेवाभावी क्लबांनी परदेशप्रवासाची जी रीत पाडली, ती या दुसऱ्या प्रकारातली. रोटरीच्या उदाहरणावरून तिचा इतिहास पाहू.

२३ फेब्रुवारी १९०५ रोजी शिकागोत पॉल हॅरिस या वकिलानं तीन जणांना घेऊन हा क्लब सुरू केला. मोठ्या, अनोळखी शहरात चार जिवाभावाची माणसं भेटावीत, हा मूळ हेतू. सभा आळीपाळीनं एकेकाच्या कचेरीत भरायची, म्हणून नाव रोटरी. सेवेची जोड नंतर मिळाली. हे लोण कॅनडा, आयर्लंड, इंग्लंड करत १९१९ साली कलकत्त्याला पोचलं. मुंबईत क्लब निघाला तो १९२९ मध्ये.

या मंडळींचा पहिला मोठा सामुदायिक परदेशप्रवास १९२१ सालचा. काळ कसा होता? महायुद्ध संपून पुरती तीन वर्षंही झाली नव्हती. अमेरिकेच्या सिनेटनं व्हर्सायचा तह नाकारल्यामुळे तो देश राष्ट्रसंघाबाहेरच राहिला होता. सरकारनं युरोपकडे अशी पाठ फिरवली असताना तिथले व्यापारी, वकील, डॉक्टर ‘कॅरोनिया’ आणि ‘कॅमेरोनिया’ या दोन बोटींत बसून अटलांटिक ओलांडायला निघाले. जायचं होतं स्कॉटलंडमधल्या एडिंबरोला. रोटरीचं अमेरिकेबाहेरचं हे पहिलंच अधिवेशन. राष्ट्राराष्ट्रांत शांतता आणि सद्भाव वाढवणं हे संस्थेचं एक उद्दिष्ट असावं, असं तिथं ठरलं. एरवी आपापला धंदा सांभाळणाऱ्या माणसांनी एवढी मोठी जबाबदारी डोक्यावर घ्यावी, याचं मला अजून नवल वाटतं.

ती जबाबदारी पेलली का? प्रश्न अवघड आहे. १९३३ मध्ये नाझी सत्तेवर आल्यावर जर्मनीतल्या अनेक क्लबांनी आपल्याच ज्यू सभासदांना बाहेर काढलं. म्युनिकच्या क्लबनं तर थॉमस मान या नोबेल विजेत्या लेखकाचंही नाव कमी केलं. एवढं नमतं घेऊनही १९३७ मध्ये जर्मनीतले क्लब बंद पडलेच. १९४० मध्ये जपानमधलेही बंद झाले. अधिवेशनातली मैत्री हुकूमशाहीपुढे टिकली नाही, हे मान्यच करायला हवं.

दुसऱ्या महायुद्धानंतर हे क्लब पुन्हा उभे राहिले. १९६५ मध्ये ‘ग्रुप स्टडी एक्स्चेंज’ नावाची योजना निघाली. पहिली अदलाबदल झाली ती अमेरिकेतला कॅलिफोर्निया आणि जपान यांच्यात. वीस वर्षांपूर्वी एकमेकांवर बाँब टाकणारे हे देश! योजना साधी होती. चार-पाच तरुण व्यावसायिकांचा गट चार ते सहा आठवडे परदेशी जाई. गटाचा प्रमुख रोटरीचा सभासद, बाकीचे मात्र सभासद नसलेले. प्रवासखर्च संस्थेचा आणि राहणं-जेवण यजमानांच्या घरी. मला वाटतं, या योजनेचं सगळं मर्म या शेवटच्या अटीत आहे.

ऐंशीच्या दशकात आमच्या गावी असाच एक गट आला होता. त्यातला स्वीडनचा एक तरुण शिक्षक चार दिवस आमच्या घरी राहिला. त्याला लेणी दाखवली, साखर कारखाना दाखवला. त्यानं टिपलं मात्र भलतंच. दुसऱ्या रात्री पान वाढल्यावर तो जेवेचना. विचारलं तर म्हणाला, “तुमची आई अजून बसलेली नाही.” आई संकोचून हसली. वडील काही बोलले नाहीत. त्यांनी स्वतः उठून आणखी एक पाट मांडला. पुढचे दोन दिवस आई आमच्याबरोबर जेवली आणि पाहुणा गेल्यावरही ती पद्धत मोडली नाही. आमच्या घरात जे कुणाला दिसलं नव्हतं, ते परक्या माणसाला दिसलं.

या इतिहासाची दुसरी बाजूही तीच आहे. देशोदेशी अशा पाहुण्यांचं अंथरूण-पांघरूण आणि पथ्यपाणी बायकांनी सांभाळलं. रोटरीत त्यांना सभासद होता येत नव्हतं. अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयानं १९८७ मध्ये तिथल्या क्लबांपुरता निकाल दिला आणि १९८९ मध्ये संस्थेनं जगभरासाठी नियम बदलला. बोटीनं एडिंबरोला गेलेल्यांची कागदोपत्री नोंद आहे. घरोघरी ज्यांनी पाहुण्यांना जेवू घातलं, त्यांची कुठे आहे?

२०१३ मध्ये ती योजना बंद झाली. एकमेकांच्या घरी जाऊन राहण्याचे इतर उपक्रम चालू आहेत. आज विमानं स्वस्त झाली, सात दिवसांत पाच देश होतात. तशा गटातून जरूर जावं. पण जमलंच तर एक संध्याकाळ त्या देशातल्या एखाद्या घरी काढावी, त्यांच्या ताटातलं खावं. आणि परतफेड म्हणून आपल्याही घराचं दार उघडं ठेवावं. परक्या डोळ्यांनी आपलं घर पाहायला मिळणं, हेही प्रवासाइतकंच मोलाचं आहे.