बटण दाबेपर्यंतचे एकतीस तास

नरसी नामदेव गावातल्या एका घरचा कॉम्प्युटर मंगळवारी, 3 सप्टेंबर 2024 ला, सकाळी 9 वाजून 20 मिनिटांनी गेला. घरचे आजही सांगतात, ‘पावसानं गेला.’ पण पाणी आत शिरलं होतं सोमवारी पहाटे. त्यानंतरचे एकतीस तास तो भिजलेला होता, मेलेला नव्हता.

रविवार, रात्री 11

हिंगोली, परभणी, नांदेड या तिन्ही जिल्ह्यांत पावसाने झोडपायला सुरुवात केली होती. दुसऱ्या दिवशी पोळा. बैलांची खांदेमळणी कशीबशी गोठ्यातच उरकलेली. थोरल्या मुलाने बचत गटाचा हिशेब संपवून कॉम्प्युटर शटडाऊन केला. या मशीनवर घरचा हिशेब असायचा, धाकटीच्या परीक्षेच्या नोट्स असायच्या आणि जून-जुलैत गल्लीतल्या निम्म्या लोकांचे पीकविम्याचे अर्ज भरले जायचे.

भिंतीवरच्या बोर्डाचं बटण मात्र चालूच राहिलं. बहुतेक घरांत ते चालूच असतं. स्क्रीन काळी झाली की मशीन बंद झालं असं आपण धरतो, पण प्लग जोडलेला असेपर्यंत एसएमपीएस, म्हणजे आतला वीज पुरवणारा डबा, मदरबोर्डला 5 व्होल्टचा एक बारीक पुरवठा सतत देत राहतो. समोरचं बटण दाबल्याचं बोर्डाला कळतं ते त्याच्याच जोरावर.

सोमवार, पहाटे 2

ती खोली पत्र्याची. पत्र्याच्या खिळ्याखालचं रबरी वायसर उन्हाने कडक होऊन तडकलेलं, आणि नेमका तोच खिळा कॅबिनेटच्या वर. आधी थेंब, मग धार. कॅबिनेटच्या माथ्यावरून पाणी मागे वळलं आणि पंख्याच्या जाळीतून आत गेलं.

शुद्ध पाणी विजेचं वाहक म्हणून अगदीच कमी प्रतीचं. पत्र्यावरून उतरणारं पाणी शुद्ध कुठलं असायला? वर्षभराची धूळ, गंज, पाखरांची विष्ठा घेऊनच ते येतं. त्यातले क्षार वीज वाहून नेतात. कॅबिनेटमध्येही कधी न झाडलेल्या धुळीचा थर होता, तो पाणी धरून बसला.

पहाटे 4

लाईट गेली. एरवी ही गोष्ट पथ्यावर पडली असती. पण टेबलाखालच्या यूपीएसने आपल्या 12 व्होल्टच्या बॅटरीवर काम चालू ठेवलं आणि तो टीं टीं करू लागला. आजींना ते ऐकू आलं. बाकी सगळे गोठ्यात.

सकाळी 6

आजींच्या सांगण्यावरून मुलगा आत आला. त्याने आधी घराचा मेन स्विच पाडला, मग प्लग उपटला आणि यूपीएसची वायर काढली. या सगळ्या प्रकरणातला सर्वांत शहाणपणाचा क्षण हाच. खेड्यातल्या कितीतरी घरांत अर्थिंग नावालाच असतं. अशा ठिकाणी ओल्या जमिनीवर उभं राहून ओल्या लोखंडी कॅबिनेटला हात लावणं जिवावर बेतू शकतं. कॉम्प्युटर नंतरचा.

मग त्याने कॅबिनेट बाहेरून पुसून कोरडं केलं, पण बाजूचं झाकण उघडलं नाही. मागचे दोनच स्क्रू होते.

सकाळी 10

पोळ्याचा दिवस आणि कयाधू दुथडी भरलेली. बैल नदीवर न्यायचा प्रश्नच नव्हता. घरात पुरणाचा घाट, अंगणात चिखल. कॉम्प्युटरकडे लक्ष कुणाचं असणार? एका पाहुण्याने सल्ला दिला, ‘तांदळात ठेवा.’ मोबाईलच्या बाबतीत चालत आलेला हा उपाय मुळातच पोकळ आहे. खुद्द ॲपलने 2024 च्या सुरुवातीला ओला आयफोन तांदळात ठेवू नका असं बजावलं, कारण त्याचे बारीक कण आत जाऊन नुकसान करू शकतात. आणि अख्खं कॅबिनेट बुडेल इतका तांदूळ हळद-सोयाबीनच्या मुलखात आणायचा कुठून! शेवटी ते चुलीपासून हातभर अंतरावर ठेवलं गेलं. ऊब मिळेल म्हणून.

दुपारी 1

बाहेरून कॅबिनेट खडखडीत वाळलं. आत काय चाललं होतं?

मोकळ्या जागेवरचं पाणी लवकर उडतं. रॅमचे खाचे, कार्डांचे स्लॉट, चिपांच्या पोटाखालची केसाएवढी फट इथलं पाणी हलत नाही. अरुंद जागा त्याला ओढून धरते. शिवाय प्लग काढला तरी मदरबोर्डवर घड्याळासाठी बसवलेला सीआर 2032 हा 3 व्होल्टचा बटणसेल असतोच. ओल, क्षार आणि एवढीशी वीज एकत्र आली की तांबं एका टोकाकडून झिजून दुसरीकडे सरकू लागतं. हिरवट-निळी बुरशी चढल्यासारखी दिसते ती हीच. हे काम सावकाश चालतं, तासागणिक.

तेव्हा झाकण उघडून तो सेल नखाने काढला असता, रॅम आणि हार्ड डिस्क सोडवून बाजूला ठेवली असती, तर निम्मी लढाई तिथेच जिंकली असती. हेअर ड्रायरची किंवा चुलीची धग घातक. ती पाणी उडवण्याऐवजी आणखी आत ढकलते आणि प्लास्टिक वाकवते. साध्या पंख्याचा वारा बरा, पण लाईट नव्हती.

संध्याकाळी 6

हिंगोलीच्या रिपेरिंगवाल्याला फोन लागला. त्याने सांगितलं, ‘दादा, चालू करू नका. उघडून ठेवा. रस्ता झाला की घेऊन या, मी आयपीएनं धुतो.’ आयपीए म्हणजे आयसोप्रोपिल अल्कोहोल. ते फटीतलं पाणी आपल्यात ओढून घेतं आणि दोन्ही मिळून उडून जातात. वाळायला किती वेळ? ‘तीन दिवस धरा.’

तीन दिवस म्हणजे 72 तास. शेतात पाणी साचून पीक गेलं तर विमा योजनेत पूर्वसूचना द्यायची मुदतही तेव्हा 72 तासांचीच होती. गल्लीत त्या रात्री हा एकच आकडा फिरत होता, आणि अर्जांच्या पावत्या त्या कॅबिनेटमध्ये होत्या.

मंगळवार, सकाळी 8

लाईट आली. सोयाबीनमध्ये गुडघाभर पाणी पाहून आलेले चार-पाच शेजारी ओसरीवर बसले. ‘बाहेरून तर कोरडं ठक्क आहे, बापू.’ ‘एकदा चालू करून तर पाहू.’ मुलगा तासभर नाही म्हणत राहिला. दारात बसलेल्या माणसांना किती वेळ नाही म्हणणार?

सकाळी 9 वाजून 20 मिनिटं

बटण दाबलं. पंखा फिरला, हिरवा दिवा लागला, कुणीतरी ‘झालं की!’ म्हणालं. मग ‘फट्’ असा आवाज आणि जळका वास.

नंतर

रिपेरिंगवाल्याने बोर्ड उघडला. प्रोसेसरला वीज पुरवणाऱ्या दोन चिपा जळलेल्या, त्यांच्या पोटाखाली ओल तशीच. 12 व्होल्ट तिथूनच आडवाटेला गेले होते. मदरबोर्ड भंगारात निघाला. खालच्या कप्प्यातली हार्ड डिस्क कोरडी होती. ती केबलने दुसऱ्या मशीनला जोडली, तेव्हा गटाचा हिशेब आणि पावत्या जशाच्या तशा निघाल्या. हे केवळ नशीब; एसएमपीएस बिघडताना डिस्कलाही घेऊन जाऊ शकतो.

डिस्क पाण्यात बुडालीच असती तर गोष्ट वेगळी. बहुतेक हार्ड डिस्कना हवेसाठी बारीक भोक असतं, त्यातून गढूळ पाणी तबकड्यांपर्यंत जातं. अशी डिस्क घरी वाळवायची नसते, कारण गाळ तबकडीवर घट्ट बसतो. ती ओलीच पिशवीत बंद करून डेटा काढणाऱ्याकडे द्यायची. 2011 च्या ऑक्टोबरात थायलंडच्या पुरात वेस्टर्न डिजिटलचा डिस्कचा कारखानाच बुडाला आणि जगभर डिस्क महागल्या. तिथे पाणबुडे उतरवून यंत्रं बाहेर काढली, धुतली, वाळवली. नोव्हेंबर संपता संपता काम पुन्हा सुरू झालं. बुडालेली यंत्रं चालली, कारण धुऊन वाळवल्यानंतरच त्यांना वीज दिली गेली.

नरसीतल्या पूर्वसूचना मंगळवारी दुपारीच गेल्या. काही मोबाईलच्या ॲपवरून, काही पीकविम्याच्या 14447 या नंबरवर फोन करून. अर्जाच्या छापील पावत्या ज्याच्या त्याच्या घरी होत्याच, आणि मुदतीतले जवळजवळ निम्मे तास तेव्हा शिल्लक होते.