उपासनेला येणारे किती, सभासद किती? न्यूकॅसलची 1743 ची यादी

चर्चमध्ये जाणं आणि चर्चचं सभासद असणं, यात फरक काय? आज मेथडिस्ट चर्चमध्ये रविवारी उपासनेला कुणीही जाऊन बसू शकतं. सभासद व्हायचं तर मात्र मंडळीसमोर उभं राहून वचन द्यावं लागतं. हा फरक मेथडिस्टांच्या सुरुवातीपासूनचा आहे. फक्त तेव्हा तो फार कडकपणे पाळला जायचा.

जॉन वेस्ली स्वतः चर्च ऑफ इंग्लंडचे धर्मगुरू होते. त्यांना वेगळं चर्च काढायचं नव्हतं. लोकांनी रविवारी आपापल्या गावच्या चर्चमध्ये जावं आणि शिवाय आपल्या 'सोसायटी'त यावं, अशी त्यांची कल्पना. (सोसायटी म्हणजे बिल्डिंगवाली नव्हे, भाविकांचं मंडळ!) त्यांचं प्रवचन उघड्या माळावर कुणीही ऐकावं. सोसायटीच्या बैठकीला मात्र बाहेरच्याला दोन-तीनदाच बसू द्यायचे. त्यानंतर आत यायचं की नाही, ते ठरवायचं.

आत यायची अट एकच होती: देवाच्या येणाऱ्या कोपातून सुटण्याची, पापातून वाचण्याची इच्छा. कुठल्याही मतावर सही मागितली जात नव्हती. पण 1743 मध्ये छापलेले नियम पुढे असंही सांगतात की ती इच्छा वागण्यात दिसली पाहिजे. वाईट करू नका, चांगलं करा, आणि उपासना, प्रभुभोजन, प्रार्थना, उपास चुकवू नका.

आता हे वागणं तपासायचं कसं? याचं उत्तर निघालं चक्क कर्जातून. 1742 मध्ये ब्रिस्टलच्या सभागृहाचं कर्ज फेडायचं होतं. दर आठवड्याला प्रत्येकानं एक पेनी द्यावी, अशी सूचना आली. गरिबांना कुठून परवडणार? मग एकजण म्हणाला, सगळ्यांत गरीब अकरा जण माझ्याकडे द्या, त्यांना नाही जमलं तर त्यांचे पैसे मी भरीन. असे बारा-बारा जणांचे गट झाले. पेनी गोळा करायला दारोदार फिरताना कोण कसं वागतंय तेही कळू लागलं, आणि वसुलीच्या गटाचा 'क्लास' झाला. दर आठवड्याला भेटायचं आणि आपलं कसं चाललंय ते सांगायचं. दर तीन महिन्यांनी तपासणी व्हायची, आणि जो टिकला त्याला नाव लिहिलेलं छोटं तिकीट मिळायचं. तिकीट नाही, तर सभासदत्व नाही.

मार्च 1743 मध्ये वेस्लींनी न्यूकॅसलची सोसायटी तपासली आणि हिशेब रोजनिशीत लिहून ठेवला. 64 जणांना काढून टाकलं होतं. त्यांत दारू पिण्यासाठी 17, दारू विकण्यासाठी 2, भांडणांसाठी 3, खोटं बोलण्यासाठी 3, बायकोला मारण्यासाठी 1. सगळ्यांत मोठा आकडा मात्र वेगळाच आहे: 29 जण उथळपणा आणि बेफिकिरीसाठी! चुकीच्या श्रद्धेसाठी कुणालाच काढलेलं नाही.

मला त्याहून महत्त्वाची वाटते ती दुसरी यादी, आपणहून सोडून गेलेल्या 76 जणांची. 14 जण मुख्यतः इतर पंथांतले होते. इथे येत राहिलात तर प्रभुभोजन मिळणार नाही, असं त्यांच्या धर्मगुरूंनी बजावलेलं. 12 जणांना आईवडिलांनी अडवलं, 9 जणांना नवऱ्यानं किंवा बायकोनं, 5 जणांना मालक-मालकिणीनं. म्हणजे 26 जण घरच्यांच्या नाहीतर मालकांच्या धाकानं गेले. 9 जणांना लोकांचं हसणं सहन होत नव्हतं. तिघांना गरीब म्हणून मिळणारी मदत गमवायची नव्हती. दोघांना अंतर लांब पडत होतं.

हे वाचलं की सभासद होण्याची किंमत कळते. माळावरच्या गर्दीत उभं राहिलं तर तुम्ही नुसते ऐकणारे. तिकीट घेतलं की घर, शेजार, नोकरी, सगळीकडे उत्तर द्यावं लागणार. मोलकरणीला किंवा नोकराला ते सगळ्यांत महाग पडायचं.

म्हणून मेथडिस्टांचे आकडे वाचताना जपायला हवं. 1791 मध्ये वेस्ली वारले तेव्हा ब्रिटन आणि आयर्लंड मिळून सुमारे 72,000 सभासद होते. हा आकडा तिकीटवाल्यांचा, प्रवचन ऐकणाऱ्यांचा नव्हे. चळवळीचा प्रभाव मोजायचा तर तो कमी पडतो. पण लोकांनी काय पणाला लावलं हे मोजायचं असेल, तर तोच बरोबर आकडा आहे.

हीच छोट्या गटांची पद्धत पुढे मुंबईत पोचली. 1871 मध्ये विल्यम टेलर हे अमेरिकन मेथडिस्ट इथे आले आणि घराघरांत लहान गट सुरू झाले. मंडळी उभी राहिली ती या गटांतून. कुलाब्याचं बोवेन मेमोरियल चर्च ज्यांच्या नावाचं आहे, ते जॉर्ज बोवेनही याच काळात मेथडिस्टांमध्ये आले. चर्चची इमारत बघताना आपण कोनशिलेवरचं साल वाचतो. सभासदत्वाचा इतिहास शोधायचा तर मात्र हजेरीच्या वह्या उघडायला हव्यात. कोण आलं ते त्यांत सापडतं, आणि कोण यायचं थांबलं, तेही.