दोन नावांमधला स्वल्पविराम

माझं माहेर हळर्ण, पेडणे तालुक्यातलं. शापोरा नदीकाठच्या या गावचा किल्ला मूळचा सावंतवाडीकर भोसल्यांचा. 1746 साली पोर्तुगीज व्हाइसरॉयने तो घेतला आणि त्याला ‘मार्किस द अलोर्ना’ हा किताब मिळाला. आमच्या गावाचं नाव असं लिस्बनपर्यंत गेलं. मला मात्र त्या गावाने एका टिंबा-शेपटीचं महत्त्व शिकवलं.

वडील गेल्यावर जमिनीसाठी इंग्रजीत प्रतिज्ञापत्र केलं. वारस तिघं: भाऊ, मी आणि धाकटी बहीण. टंकताना आम्हा दोघींच्या नावांमधला स्वल्पविराम राहिला. पुढे एक-चौदाचा उतारा हाती आला, तर आम्हा दोघींची मिळून एकच बाई झालेली! गोव्यात 1867च्या पोर्तुगीज नागरी संहितेपासून मुलीला मुलाइतकाच वाटा. पण तो मिळायला आधी कागदावर मुलगी दिसायला हवी ना!

हे चिन्ह आपल्याकडे तसं नवंच. श्रवणबेळगोळला बाहुबलींच्या पायांशी मराठी ओळी आहेत, ते आपण अभिमानाने सांगतो. मूर्ती चावुंडरायाने करविली, भोवतालचा परिसर गंगराजाने. पुस्तकांत त्या दोन वाक्यांच्या मधे स्वल्पविराम छापतात, दगडावर तो नाही. मोडीतही विरामचिन्हं नव्हती, शब्दही सुटे लिहीत नसत. कुठे थांबायचं ते वाचणाऱ्यालाच ठाऊक असायचं. छापखाने आले, अनोळखी माणूस एकटा बसून वाचू लागला आणि खुणांची गरज पडली. मेजर कँडी यांनी 1850 साली ‘विरामचिन्हांची परिभाषा’ ही पुस्तिका काढली. इंग्रजीतल्या या खुणा मराठीत रुळवण्याचं श्रेय त्यांनाच देतात.

इंग्रजांचाही हा मूळचा माल नव्हे. ‘कॉमा’ शब्द ग्रीक, अर्थ ‘कापलेला तुकडा’. त्याचं आजचं रूप पंधराव्या शतकाच्या अखेरीस व्हेनिसचा मुद्रक आल्डस मनुशियस याच्या छापखान्यात रुळलं.

शाळेत आम्हाला सांगत, “श्वास घ्यावासा वाटला की कॉमा द्या.” हे अर्धंच खरं. इंग्रजीत कॉमा अर्थ ठरवतो. ‘माय सिस्टर हू लिव्हज इन हळर्ण’ असं सलग लिहिलं तर मला बहिणी अनेक, त्यातली हळर्णची कोणती ते सांगते आहे. ‘हू’च्या आधी आणि ‘हळर्ण’नंतर कॉमा दिला की बहीण एकच, ती कुठे राहते ही जास्तीची माहिती. तसंच दोन पूर्ण वाक्यं नुसत्या कॉमाने जोडायची नाहीत. मधे ‘अँड’, ‘बट’ घालावं, नाहीतर सरळ पूर्णविराम द्यावा. यादीत मात्र प्रत्येक नाव सुटं हवं. अमेरिकेत मेन राज्यात दूधवाहतूक करणाऱ्या चालकांचा ओव्हरटाइमचा खटला कायद्यातल्या यादीत नसलेल्या एका कॉमावर फिरला. 2017 साली न्यायालयाने चालकांच्या बाजूने कौल दिला, आणि पुढे पन्नास लाख डॉलरवर तडजोड झाली.

आमचे कागदही दुरुस्त झाले, पण हेलपाटे घालून. मैत्रिणींनो, सही करताना रक्कम बघतो, तशी आपल्या नावाच्या आजूबाजूची जागाही बघत जा. नवा उतारा आला तेव्हा धाकटीने आमच्या दोन नावांच्या मधे बोट ठेवलं आणि म्हणाली, “ताई, आता मी आहे गं!”