पोटाआधी पेटी : दुर्बिणीची शस्त्रक्रिया शिकवायची कशी, याचा इतिहास

(१/१४) सप्टेंबर १९८०. जर्मनीतील कील शहर. कुर्ट झेम या स्त्रीरोगतज्ज्ञाने रुग्णाचे पोट न फाडता, लहान छिद्रांतून नळ्या सरकवून अपेंडिक्स काढले. असे काढलेले ते जगातील पहिले अपेंडिक्स. कौतुक दूरच राहिले. जर्मन शल्यचिकित्सक संघटनेच्या अध्यक्षांनी झेम यांना निलंबित करण्याची मागणी केली.

(२/१४) झेम यांचे तंत्र पुढे जगाने स्वीकारले. त्यांनी घडवलेल्या एका साध्या पेटीला मात्र तिचा मान मिळायला बराच काळ जावा लागला. मधल्या काळातील चुकांची किंमत रुग्णांनी मोजली. ही कथा त्या पेटीची, आणि 'नवशिक्या हातांनी शिकायचे कोणाच्या शरीरावर?' या प्रश्नाची.

(३/१४) पोटात दुर्बीण घालून पाहण्याची कल्पना जुनी आहे. १९०१ मध्ये गेओर्ग केलिंग यांनी हॅम्बुर्ग येथे कुत्र्याच्या पोटात हवा भरून आतले दृश्य पाहिले. १९१० मध्ये स्वीडनच्या हान्स क्रिस्टियान याकोबेउस यांनी माणसावरील अनुभव प्रसिद्ध केले. पण पुढची कित्येक दशके ही दुर्बीण प्रामुख्याने पाहण्यापुरतीच राहिली.

(४/१४) तिला पुढे नेले ते स्त्रीरोगतज्ज्ञांनी. १९४० च्या दशकात, नाझींच्या ताब्यातील पॅरिसमध्ये, राउल पामर यांनी रुग्णेचे डोके खाली झुकवून पोटात वायू भरला. आतडी छातीकडे सरकली आणि गर्भाशय व बीजकोश स्पष्ट दिसू लागले. वंध्यत्वाचे कारण शोधण्यासाठी पोट उघडण्याची गरज कमी झाली.

(५/१४) हे शिकण्यासाठी तेव्हा शाळा नव्हती. ओल्डहॅमचे इंग्रज डॉक्टर पॅट्रिक स्टेपटो पामर यांच्याकडे पॅरिसला गेले, मायदेशी परतून त्यांनी शवागारात मृतदेहांवर सराव केला आणि १९६७ मध्ये या विषयावर पुस्तक लिहिले. याच दुर्बिणीने त्यांनी पुढे स्त्रीबीज मिळवले, आणि २५ जुलै १९७८ रोजी लुईस ब्राउन ही जगातील पहिली 'टेस्ट ट्यूब बेबी' जन्मली.

(६/१४) शल्यविद्या तोवर गुरुशिष्यपरंपरेने शिकवली जाई. अमेरिकेत विल्यम हाल्स्टेड यांनी जॉन्स हॉपकिन्स रुग्णालयात तिला शिस्तबद्ध रूप दिले : शिष्य गुरूसमोर उभा राहून पाहतो, हाताखाली काम करतो, मग जबाबदारी घेतो. त्यासाठी दोघांना एकच दृश्य दिसणे आवश्यक होते. उघड्या पोटात ते दिसे. दुर्बिणीला मात्र एकच भिंग, आणि त्याला एकच डोळा.

(७/१४) अडचण केवळ पाहण्याची नव्हती. लांब अवजार छिद्रात टेकलेले असल्याने ते तरफेसारखे फिरते : हात उजवीकडे नेला की टोक डावीकडे जाते. बोटांचा स्पर्श हरपतो, खोलीचा अंदाज चुकतो. आणि गर्भाशयाच्या धमनीखालूनच मूत्रवाहिनी जाते, गर्भाशयमुखापासून अवघ्या दीड-दोन सेंटिमीटरवर. धमनी बांधताना हात किंचित चुकला, तर मूत्रवाहिनीच कापली जाण्याचा धोका.

(८/१४) इथे झेम यांचे वेगळेपण उपयोगी पडले. डॉक्टर होण्याआधी ते अवजारे घडवण्याचे काम शिकले होते. पोटातील वायूचा दाब आपोआप राखणारे यंत्र, रक्तवाहिनी आवळणारा दोऱ्याचा फास, शरीराबाहेर बांधून आत सरकवायची गाठ आणि शरीराच्या आतच बांधायची गाठ, हे सारे त्यांनी विकसित केले किंवा रूढ केले. आणि शिकणाऱ्यांसाठी केली एक पेटी : 'पेल्व्ही-ट्रेनर'.

(९/१४) पेटीला छिद्रे, छिद्रांतून अवजारे, आत सरावाचे साहित्य. उलट्या हालचालींची सवय व्हावी, गाठ शंभरदा चुकावी, पण चुकताना कोणाचे रक्त सांडू नये, इतकाच तिचा हेतू. आज हे उघड वाटते. तेव्हा झेम यांच्या व्याख्यानातील प्रोजेक्टर बंद पाडला गेला आणि त्यांना मेंदूची तपासणी करून घेण्याचा सल्ला मिळाला, असे सांगतात.

(१०/१४) १९८० च्या दशकात छोटे व्हिडिओ कॅमेरे आले. एका डोळ्याचे दृश्य पडद्यावर गेले आणि गुरुशिष्य पुन्हा एकच गोष्ट पाहू लागले. १९८५ मध्ये जर्मनीत एरिख म्यूहे यांनी, १९८७ मध्ये फ्रान्समध्ये फिलिप मूरे यांनी दुर्बिणीने पित्ताशय काढले. जानेवारी १९८८ मध्ये पेनसिल्व्हेनियात हॅरी राइख यांनी या मार्गाने गर्भाशय काढले. मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात १९७२ पासून ही दुर्बीण वापरणाऱ्या डॉ. तेहेम्टन उडवाडिया यांनी १९९० मध्ये भारतातील अशी पहिली पित्ताशय शस्त्रक्रिया केली.

(११/१४) मग लाट आली. कमी वेदना, लवकर घरी : रुग्णच ही शस्त्रक्रिया मागू लागले. अमेरिकेत शल्यचिकित्सक शनिवार-रविवारच्या शिबिरात प्राण्यांवर सराव करत आणि लवकरच माणसांवर शस्त्रक्रिया सुरू करत. पित्तनलिका कापल्या जाण्याचे प्रकार वाढले. अखेर १९९२ मध्ये न्यूयॉर्क राज्याच्या आरोग्य खात्याला पर्यवेक्षणाखालील प्रशिक्षणासाठी मार्गदर्शक सूचना काढाव्या लागल्या. यात तंत्राचा दोष थोडा होता. शिकवण्याची व्यवस्था उभी राहण्याआधीच तंत्र सर्वत्र पसरले होते.

(१२/१४) स्त्रीरोगशास्त्रापुढे आणखी एक पेच होता. प्रसूती, सिझेरियन, तपासण्या आणि शस्त्रक्रिया हे सारे चार वर्षांच्या निवासी प्रशिक्षणात बसवायचे. दुर्बिणीच्या अवघड शस्त्रक्रियांना त्यात वेळ किती मिळणार? म्हणून १९७१ मध्ये स्थापन झालेल्या एएजीएल या संस्थेने २००१ मध्ये प्रजननविषयक शल्यचिकित्सकांच्या संघटनेसोबत स्वतंत्र फेलोशिप सुरू केली. आज ती साधारणतः दोन वर्षांची असते. शिबिराच्या दोन दिवसांना हे दोन वर्षांचे उत्तर होते.

(१३/१४) दरम्यान मॉन्ट्रियलच्या मॅगिल विद्यापीठात पेटीतील सरावाला गुण देण्याची पद्धत विकसित झाली. तिच्यावर आधारलेल्या 'एफएलएस' परीक्षेत कौशल्याच्या पाच कसोट्या असतात : खुंट्यांवरील वस्तू हलवणे, आखलेले वर्तुळ कापणे, फास आवळणे, बाहेर बांधून आत सरकवायची गाठ आणि आतच बांधायची गाठ. ३१ मे २०२० नंतर निवासी प्रशिक्षण पूर्ण करणाऱ्या अमेरिकी स्त्रीरोगतज्ज्ञांना प्रमाणपत्रासाठी ही परीक्षा अनिवार्य झाली.

(१४/१४) पाचांपैकी शेवटच्या तीन कसोट्या पुन्हा वाचाव्यात. फास, बाहेरची गाठ, आतली गाठ : कीलमध्ये झेम हेच शिकवत होते, तेही पेटीतच. २००३ मध्ये त्यांचे निधन झाले. ही सक्ती पाहायला ते नव्हते. पण आज एखादी तरुण डॉक्टर पहिली गाठ चुकवते तेव्हा समोर बहुधा पेटी असते, कोणाची आई किंवा बहीण नसते. शल्यविद्येच्या इतिहासात ही प्रगती कोणत्याही नव्या अवजारापेक्षा लहान नाही.